फुलं भरपूर, फळ मात्र शून्य!

'काटेरी झाड दारात नको,' हे आजीचं ठरलेलं वाक्य. तरी गच्चीवरचा खांबासारखा निवडुंग टिकला, कारण पावसाळ्यात रात्री त्याला पंजाएवढी पांढरी फुलं येतात. सकाळी उन्हं चढली की खेळ खल्लास. पण आठ वर्षांत फळ एकही नाही.

हो, फळ! हा सेरियस, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फळाला म्हणतात 'पेरूचं सफरचंद' (पेरू देश हं, तिखट-मीठवाला नव्हे). साल लाल, बिनकाट्याची. आतला पांढरा गर काळ्या बियांसकट चमच्याने खायचा. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात त्याची शेती झालीय. कुरासाव बेटावर तर खोडाचंच सूप करतात, 'कादुशी'. भेंडीसारखं बुळबुळीत असतं म्हणे.

मग आमचं घोडं कुठे अडलं? या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत. कॉलनीतल्या सगळ्या कुंड्या आमच्याच फांद्यांच्या. म्हणजे दिसायला दहा, प्रत्यक्षात झाड एकच!

शेवटी मैत्रिणीच्या सोसायटीतल्या सेरियसचे पराग डबीत आणले आणि रात्री अकराला ब्रशने फुलांना लावले. फांदीही आणली. ती आठवडाभर सावलीत सुकवून वाळूमिश्रित मातीत खोचलीय.

सावधान, खोड चिरल्यावर पांढरा चीक आला तर तो सेरियस नाही. त्रिधारी निवडुंग असेल. त्याचा चीक विषारी, डोळ्यांत गेला तर भारी पडेल.

सध्या एक फळ धरलंय. पिकलं की ते तडकतं. आजी रोज गच्चीवर जाऊन बघून येते. गुडघे दुखत असूनही.