विजेशिवाय विहिरीचं पाणी वर? झाडाला जमतं ते आपल्याला का जमत नाही

"ना वीज, ना डिझेल, तरी विहिरीचं पाणी वर" असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. त्यावर एक युक्तिवाद हमखास असतो: एवढं मोठं झाड मोटर न लावता शेंड्यापर्यंत पाणी नेतं, मग आपण का नाही?

प्रश्न चांगला आहे. जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावात तर तो थेट खिशाशी जोडलेला आहे. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. इथल्या भरिताच्या वांग्यांना खानदेशात मान आहे. पण मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पिकाला पाणी द्यायचं तर मोटर चालवावीच लागते. अशा वेळी कुणी "फुकट पंप" विकायला आला, तर आधी खालचं गणित माहीत असलेलं बरं.

केशाकर्षण म्हणजे काय?

पणतीची वात तेल वर खेचते, चहात बिस्किटाचं टोक बुडवलं की चहा वर चढतो. हेच केशाकर्षण. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि काच, कापूस, माती यांनाही चिकटतात. बारीक नळीत कडेचं पाणी भिंतीला धरून वर सरकतं आणि मधल्या पाण्याला सोबत ओढतं. चढलेल्या पाण्याचं वजन या ओढीइतकं झालं की चढण थांबते.

काचेच्या स्वच्छ नळीत पाणी साधारण एवढं चढतं:

- छिद्र १ मिलिमीटर: सुमारे ३ सेंटिमीटर
- छिद्र ०.१ मिलिमीटर: सुमारे ३० सेंटिमीटर
- छिद्र ०.०१ मिलिमीटर: सुमारे ३ मीटर

मग अजून बारीक नळ्या घेऊ की!

इथे दोन अडचणी आहेत. पहिली प्रवाहाची. नळी दहापट बारीक केली, तर तेवढ्याच लांबीतून आणि तेवढ्याच दाबाने जाणारं पाणी दहा हजारपट कमी होतं.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. केशाकर्षणाने चढलेलं पाणी वरच्या टोकातून बाहेर सांडत नाही. ३० सेंटिमीटर चढू शकणारी नळी १० सेंटिमीटरवर कापली, तर पाणी त्या कडेला येऊन थांबतं. जी ओढ त्याला वर आणते, तीच त्याला नळीत धरून ठेवते. सांडलं असतं, तर कायम फुकट चालणारं यंत्र तयार झालं असतं, आणि निसर्गात तसं काही नसतं.

झाड नेमकं काय करतं?

झाडाच्या खोडात जलवाहिन्या असतात. त्यांची रुंदी ०.१ मिलिमीटरच्या आसपास धरली, तर नुसत्या केशाकर्षणाने पाणी फूटभरच चढेल. पण कॅलिफोर्नियातलं 'हायपेरियन' नावाचं रेडवूड सुमारे ११६ मीटर उंच आहे!

खरी करामत पानात आहे. पानाच्या पेशींच्या भिंतीत मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी बारीक छिद्रं असतात. उन्हाने तिथलं पाणी वाफ होऊन उडतं. त्या छिद्रांतलं उरलेलं पाणी केशाकर्षणामुळे मागचं पाणी ओढतं, आणि ही ओढ साखळीसारखी मुळापर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये हा विचार मांडला.

म्हणजे केशाकर्षण ही झाडाची पकड आहे, इंजिन मात्र सूर्य आहे. आणि हे इंजिन काही काटकसरी नाही. १ लिटर पाणी ३० मीटर उचलायला सुमारे ३०० ज्यूल ऊर्जा पुरते. तेच पाणी वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. झाडाला चालतं, कारण ऊन भरपूर आहे. आपल्याला चालत नाही, कारण वर पोचलेलं बहुतेक पाणी हवेत जातं, आपल्या बादलीत येत नाही.

मग याचा उपयोग काय?

भरपूर आहे, फक्त उंची कमी ठेवायची.

*ठिबक:* नळीतून थेंब एकाच जागी पडतो, पण काळ्या मातीतली बारीक छिद्रं तो आडवा पसरवतात. म्हणून वाळूमिश्रित जमिनीपेक्षा काळ्या जमिनीत दोन ड्रिपरमधलं अंतर जास्त ठेवता येतं.

*कोळपणी:* याच छिद्रांतून खालची ओल वर येऊन उडते. कोळप्याने वरचा थर मोकळा केला की ही वाट तुटते, भेगा बुजतात आणि ओल टिकते.

*कुंडीची वात:* चार दिवस गावाला जाताय? जाड सुती दोरी आधी भिजवा. एक टोक कुंडीच्या तळाच्या छिद्रातून मातीत खोचा, दुसरं खाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात सोडा. पाणी आणि कुंडी यात वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. माती सुकेल तसं पाणी वर येतं. नायलॉनची दोरी घेऊ नका, सुतीच घ्या. जाण्याआधी दोन दिवस करून बघा.

फोनवर करून बघा

टिश्यू पेपरच्या पट्टीवर पेन्सिलने दर सेंटिमीटरला खूण करा, टोक रंगीत पाण्यात बुडवा आणि टाइमलॅप्स लावा. पहिले दोन सेंटिमीटर झटकन जातात, पुढे वेग मंदावतो. पट्टीच्या वरच्या टोकातून थेंब पडतो का, तेही बघा.

आणि पुढच्या वेळी "फुकट पंप"वाला व्हिडिओ आला, की एकच विचारा: ऊर्जा कुठून येते? वाहत्या ओढ्यावरचा हायड्रॅम पंप खरंच विजेशिवाय चालतो, कारण तिथे खाली पडणारं पाणी जोर लावतं. विहिरीतल्या स्थिर पाण्यात नुसत्या नळ्या सोडणाऱ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर पैसे देऊ नका. लेख आवडला तर शेतात मोटर चालवणाऱ्या तुमच्या काकांना, मामांना नक्की पाठवा.