लिलावातली कोंबडी

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला लिलाव असतो. नगर जिल्ह्यातलं गाव, त्यामुळे वेदीपुढे येतं ते बाजरीची कणसं, डांगर, लिंबं आणि पाय बांधलेल्या दोन-चार कोंबड्या. उपासना संपली की सगळं अंगणात मांडायचं आणि बोली लावायची. बारा वर्षं खजिनदार असल्यामुळे वही माझ्याकडे. कोण किती बोललं यापेक्षा कोण कुणाच्या वस्तूवर बोललंच नाही, हे त्या वहीतून जास्त कळतं.

मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसं. बाहेरच्या मित्रांना वाटतं, हे लोक एकमेकांना 'सलाम' म्हणत गुण्यागोविंदानं राहत असतील. लग्नात आमच्याकडे प्रीतीचा अध्याय वाचतात, त्यामुळे हा समज पक्का होतो. पण पौलानं तो अध्याय नवरानवरीसाठी लिहिलेला नाही. करिंथच्या मंडळीला इफिसहून धाडलेल्या पत्रातला तो तेरावा अध्याय, साधारण इ. स. 55च्या आसपासचा. त्या मंडळीत कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा असे तट पडलेले. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला काही जण आधीच खाऊनपिऊन तर्र आणि गरीब उपाशी. अशांना पौल प्रीती शिकवतोय. मूळ ग्रीकमध्ये तिथं 'अगापे' शब्द आहे, आणि तिचं वर्णन करताना विशेषणं नाहीत, क्रियापदं आहेत: ती काय करते, काय करत नाही. आवडण्या-नावडण्याचा प्रश्नच पौल काढत नाही. मला ते फार सोयीचं वाटतं, कारण आमच्या मंडळीतले निम्मे लोक मला आवडत नाहीत.

आपल्याकडे या प्रीतीची परीक्षा ताटात आणि पेल्यात झाली. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या काळात सोवळं सोडताना बाईंच्या मनाची काय उलघाल झाली, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. नगरकडच्या मंडळ्यांत बहुतेक माणसं महार आणि मांग समाजातून आलेली. त्या सगळ्यांनी एका प्याल्याला ओठ लावणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अर्थात पाण्यानं जात धुतली गेली, असं मी म्हणणार नाही. सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' हे आजही हळूच विचारलं जातं.

पंथांचंही तेच. उत्तर भारतातल्या मंडळ्या एक करायची बोलणी 1929 साली सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं ते 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपूरला. सहा पंथ एकत्र आले. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, बॅप्टिस्ट जाणत्या वयाशिवाय न देणारे. एकानं दुसऱ्याला हरवलं नाही. दोन्ही रीती ठेवल्या. एक मोठा मेथॉडिस्ट गट मात्र ऐनवेळी बाहेर राहिला.

आमच्याकडे चार वर्षं दोन भाऊ बोलत नव्हते. बांधावरून दावा चाललेला. दर रविवारी एक डाव्या बाकावर, दुसरा उजव्या. धाकट्याच्या घरून कापणीच्या सणाला तांबडी कोंबडी आली होती. बोली दोनशेपासून सुरू झाली. तीनशेला थोरला बोलला. अंगण गप्प झालं. मास्तरांनी साडेतीनशे केले, थोरल्यानं पाचशे. मास्तर हट्टाचे, ते सहाशे म्हणाले. थोरला मान वर न करता म्हणाला, "नऊशे."

बायकांच्या घोळक्यातून धाकट्याची बायको ओरडली, "अहो भाऊजी, ती अंडी देत नाही हो!"

सगळे हसले. धाकटा हसला नाही. चपलेनं माती उकरत राहिला. मी पावती फाडली. थोरल्यानं नऊशे मोजले आणि कोंबडी तशीच ठेवून पाळकसाहेबांशी बोलायला गेला. तेवढ्यात ती बाई आली, कोंबडीच्या पायाची सुतळी फार आवळली होती ती सैल केली, आणि डब्याच्या झाकणात पाणी ओतून तिच्यापुढे ठेवलं.

दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.