‘फक्त’ खोडा! टी-४ विषाणूतही इंट्रॉन असतात

शिरूर काय नि दौंड काय, ‘नीट’च्या तयारीला लागलेल्या कुठल्याही बारावीच्या पोराला इंट्रॉन (जनुकात मध्येच येणारे, आरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे) कुठे असतात ते विचारा. पाठ केलेलं उत्तर येतं : फक्त दृश्यकेंद्रकींत. जिवाणूंत नाहीत, जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंत तर नाहीतच. वहीत ते ‘फक्त’ अधोरेखित केलेलं असतं. बाबांनो, खोडा ते. ‘बहुतांशी’ लिहा.

ई. कोलाय या जिवाणूला मारणारा टी-४ नावाचा बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणूंचा विषाणू (थोडक्यात ‘फेज’) आहे. त्याच्या टीडी जनुकापासून थायमिडिलेट सिंथेज हे विकर बनतं आणि त्यासाठी ८६१ अक्षरं पुरतात. १९८४ साली मार्लीन बेलफोर्ट आणि सहकाऱ्यांना त्या जनुकात मध्येच हजाराहून जास्त अक्षरांचा तुकडा घुसलेला आढळला. पाहुणा यजमानापेक्षा दांडगा! विश्वास नसेल तर अमेरिकी विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मधला त्या वर्षीचा शोधनिबंध काढून वाचा. पुढे टी-४च्याच एनआरडीबी आणि एनआरडीडी जनुकांतही इंट्रॉन सापडले.

मग हमखास प्रश्न येतो : ‘‘सर, जिवाणूत इंट्रॉन कापणारा स्प्लायसोसोमच नसतो, तर तुकडा कापतो कोण?’’ प्रश्न रास्त आहे. तो तुकडाच स्वतःला कापतो! इंट्रॉनचा आरएनए घड्या घालून ठरावीक आकार घेतो आणि पेशीत मोकळा असलेला ग्वानोसिन पकडतो. ग्वानोसिन इंट्रॉनच्या सुरुवातीच्या टोकाला जोडला जातो, पहिला सांधा तुटतो. सुटलेलं एक्झॉनचं (राखल्या जाणाऱ्या भागाचं) टोक दुसरा सांधा तोडून पुढच्या एक्झॉनला जुळतं. इंट्रॉन बाहेर. याला मॅग्नेशियम लागतं, एटीपी लागत नाही. परीक्षानळीत हे प्रथिनांवाचूनही घडतं.

जिवाणूत आणखी एक पेच असतो. तिथे आरएनए पुरा होण्याआधीच प्रथिन बनवणारा रायबोसोम त्यावर चढतो. तो इंट्रॉनमध्ये शिरला तर घड्या मोडायच्या. टीडीमध्ये इंट्रॉनची सुरुवातच यूएए, म्हणजे ‘थांबा’ सांगणाऱ्या कोडॉनने होते, म्हणून रायबोसोम दारातच थांबतो!

आता बाकीचे गैरसमज. ‘विकर म्हणजे प्रथिनच’ : टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा आरएनए स्वतःला कापतो हे थॉमस चेक यांनी १९८२ मध्येच दाखवलं, १९८९चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि सिडनी ऑल्टमन यांना मिळालं. ‘कापला जातो तो डीएनए’ : नाही, आरएनए, जनुक शाबूत राहतं. ‘इंट्रॉन म्हणजे कचरा’ : टीडीच्या इंट्रॉनमध्ये एका विकराचा आराखडा आहे. ते विकर इंट्रॉन नसलेल्या टीडी जनुकाला छेद देतं आणि दुरुस्ती होताना इंट्रॉनची प्रत तिथे जाऊन बसते. ‘विषाणूचं सोडा, जिवाणूंच्या स्वतःच्या जनुकांत तरी नाहीत ना?’ : आहेत. नीलहरित जिवाणूंच्या टी-आरएनए जनुकात ते १९९० मध्येच सापडले.

आणि ‘फेज फक्त गंगेत असतात’ हे तर कमालच! मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसला (गणपतीचं रांजणगाव वेगळं) भीमेला मिळते. मैलापाणी आलं की ई. कोलाय आला, त्याच्यामागे त्याचे फेज, म्हणजे कोलिफेजही आले. पण फेज आहेत म्हणून पाणी शुद्ध, असा अर्थ कुणी काढू नये. पाण्याच्या तपासणीत कोलिफेज सापडले, तर मैलापाणी मिसळल्याची ती खूण धरतात.