जुळलेला सूर सोडतांना

शाळेंत प्रार्थनेस उभे राहिलें असतां आपलें लक्ष शब्दांकडे असतें, कांहींसें सुराकडेहि असतें. परंतु ती चाल कोणीं बांधली, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. देशांतील कित्येक शाळांतून म्हटल्या जाणाऱ्या दोन हिंदी प्रार्थना मूळच्या चित्रपटांतील आहेत. पहिली ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील, कवि भरत व्यास यांची; दुसरी ‘गुड्डी’ (१९७१) मधील, कवि गुलज़ार यांची. दोहोंच्या चाली मात्र एकाच संगीतकाराच्या आहेत. त्यांचें नांव वसंत देसाई. या दोन प्रार्थनांमध्यें चौदा वर्षांचें अंतर आहे; आणि या अवधीच्या आरंभींच, ज्या संस्थेंत देसायांनीं कीर्ति मिळविली, तिच्यापासून ते दूर झाले होते. यश आणि मान पदरीं असतां मुरलेला संगीतकार आपली जुनी जागा कां सोडतो, हा प्रश्न आम्हीं या लेखापुरता हातीं घेतला आहे.

देसायांचा जन्म १९१२ सालीं कोंकणांत कुडाळजवळील सोनवडे गांवीं झाला. १९२९ सालीं कोल्हापुरास ‘प्रभात’ कंपनी निघाली. तरुण वयांतच देसाई तींत शिरले आणि पडेल तें काम करीत संगीत शिकले. पुढें १९४२ सालीं व्ही. शांताराम यांनीं मुंबईस ‘राजकमल कलामंदिर’ स्थापिलें, तेव्हां देसाई त्यांच्याबरोबर गेले. राजकमलचें पहिलें चित्र ‘शकुंतला’ (१९४३). आम्हां रामटेककरांस तें विशेष जवळचें वाटावें. कारण ज्या कालिदासाच्या नाटकावर तें आधारलें, त्याच्याच ‘मेघदूता’तील रामगिरि म्हणजे आमचा गड, असें अनेक विद्वान मानतात. ‘शकुंतला’पासून ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘अमर भूपाळी’ (१९५१), ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ असा हा प्रवास झाला. शांतारामांचें प्रत्येक चित्र देसायांकडेच असे, असें नव्हे. ‘परछाईं’ (१९५२) चें संगीत सी. रामचंद्र यांचें होतें. तरी राजकमल म्हटलें कीं देसायांचें नांव ओठांवर यावें, इतका तो संबंध दृढ झाला होता. आणि १९५९ सालीं ‘नवरंग’ झळकला, तेव्हां संगीतकार म्हणून त्यावर पुन्हां सी. रामचंद्र यांचें नांव होतें.

असें कां होतें, हें समजण्यास चित्रपटाचें संगीत कसें तयार होतें, तें प्रथम पाहिलें पाहिजे. दिग्दर्शक प्रसंग सांगतो. कवि शब्द देतो. संगीतकार चाल बांधतो, गायकास शिकवितो, वादकांच्या तालमी घेतो आणि मग ध्वनिमुद्रण होतें. पार्श्वसंगीताचें काम याहून जिकिरीचें. तेथें तयार झालेलें चित्र पडद्यावर पाहून सेकंदासेकंदाचा हिशेब करावा लागतो. दिग्दर्शकानें प्रसंगास कात्री लावली, तर मोठ्या कष्टानें रचलेलें संगीतहि त्याबरोबर कापलें जातें. गवई मैफलींत स्वतःच्या मर्जीचा राजा असतो. चित्रपटाचा संगीतकार दुसऱ्याच्या कथेचा सेवक असतो.

आतां अशी सेवा एकाच ठिकाणीं पंधरा-वीस वर्षें केल्यावर काय होतें? दिग्दर्शकास काय रुचतें हें संगीतकारास ठाऊक असतें, आणि संगीतकार काय देईल हें दिग्दर्शकास. काम झटपट उरकतें. पण मग चाल शोधावी लागत नाहीं, ती नुसती आठवते. कलावंतास खरें भय या आठवण्याचें असतें. दुसरें ओझें गतयशाचें. लोकांनीं ज्या सुरावर प्रेम केलें, तोच पुन्हां द्यावा अशी मागणी होते. नवें दिलें तर ‘पूर्वीची गोडी नाहीं’ असें म्हणतात, जुनें दिलें तर ‘तेंच तें’ म्हणतात. तिसरें कारण अधिकाराचें. चित्रपटांत शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा. तरुणपणीं तो मानणें सोपें जातें. अनुभवानें स्वतःचें मत पक्कें झालें कीं कठीण जातें. अशा वेळीं दोघांपैकीं एक चुकलेला असलाच पाहिजे, असें नाहीं. चौथें कारण साधें आहे : आयुष्य थोडें, आणि करावयाचें राहिलेलें पुष्कळ.

परदेशांत एकाच कथेचीं अनेक चित्रें क्रमानें काढण्याची प्रथा आहे, तेथें हें बंधन अधिकच घट्ट होतें. अमेरिकेतील जॉन विल्यम्स (जन्म १९३२) यांनीं ‘स्टार वॉर्स’ या मालिकेच्या नऊ मुख्य चित्रांचें संगीत १९७७ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षें, रचलें. अशा मालिकेंत एकेका पात्राची धून पहिल्याच चित्रांत ठरून जाते. पुढें दरवेळीं तीच नव्या प्रसंगांत गुंफावी लागते. नववें चित्र झालें कीं आपल्यापुरतें पुरे, असें त्यांनीं आधींच सांगितलें होतें. तें नववें चित्र आलें, तेव्हां त्यांचें वय ८७ होतें. पण हातीं व्हायोलिन-वादिका अ‍ॅने-सोफी मुटर यांच्यासाठीं रचावयाची कृति होती, ती २०२१ सालीं प्रथम वाजविली गेली. मालिका सोडणें म्हणजे संगीत सोडणें नव्हे, हें यावरून दिसून येईल.

देसायांच्या बाबतींत तर याचा पुरावा त्याच सालीं मिळाला. १९५९ मध्यें एकीकडे ‘नवरंग’ गाजला, आणि दुसरीकडे विजय भट्ट यांचा ‘गूंज उठी शहनाई’ हा देसायांच्या संगीताचा चित्रपट गाजला. त्यांत उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई आहे. मौज ही कीं, दोन्ही चित्रांचीं गाणीं भरत व्यास यांनींच लिहिलीं. कवि एक, साल एक, चाली मात्र दोन निराळ्या हातांच्या. आणि रसिकांस दोन्ही लाभले! पुढें देसायांनीं रंगभूमीसाठीं ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) चें संगीत केलें, आणि ‘गुड्डी’मध्यें वाणी जयराम या तेव्हां नव्या असलेल्या गायिकेचा आवाज हिंदी श्रोत्यांपुढें आणला.

‘मेघदूता’तील यक्ष स्वामीच्या रोषामुळें रामगिरीवर वर्षभर दूर राहिला, तो वियोग लादलेला होता. कलावंताचा वियोग पुष्कळदां स्वेच्छेचा असतो, म्हणून त्यांत कटुता असलीच पाहिजे असें नाहीं. १९६६ सालीं शांतारामांच्या ‘लडकी सह्याद्री की’ या चित्राचें संगीत देसायांनींच केलें. दूर गेल्यानें दार बंद झालें नव्हतें.

आमचे विद्यार्थी शालान्त परीक्षेनंतर गांव सोडून नागपुरास किंवा त्याहून दूर जातात, तेव्हां घरच्या माणसांस वाटतें कीं, मूल हातचें गेलें. पालकांनीं त्या वेळीं या दोन प्रार्थना ओळीनें ऐकाव्या. पहिलींत जें शिक्षण झालें, तें दुसरींत शिल्लक आहे. परंतु दुसरी ही पहिलीची नक्कल नाहीं.