आयर्लंडचं क्रिकेट कुठे अडलं?

१७ मार्च २००७ ही तारीख आपल्याकडे आठवते ती पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बांगलादेशाने द्रविडच्या संघाला हरवलं म्हणून. त्याच दिवशी जमैकात, सबायना पार्कवर, पहिलाच विश्वचषक खेळणाऱ्या आयर्लंडने पाकिस्तानचा डाव १३२ धावांत गुंडाळला आणि तीन गडी राखून सामना जिंकला. दिवस सेंट पॅट्रिकचा, आयरिश लोकांचा सर्वांत मोठा सण. तेव्हापासून आयर्लंड जिंकलं की ‘चमत्कार’ हा शब्द ठरलेला. या कौतुकात एक गृहीतक दडलेलं आहे, की क्रिकेट हा त्या देशाला परका खेळ आणि तिथे जे घडतं ते अपघातानेच. इतिहास वेगळंच सांगतो. खेळ तिथल्या मातीत चांगला रुजला होता. त्याला अडवलं ते नियमांनी, आणि ते नियम दरवेळी मैदानाबाहेर, कुठल्या ना कुठल्या बैठकीत लिहिले गेले.

आयर्लंडमधला पहिला नोंदलेला सामना १७९२ सालचा, डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधला. लष्करी छावणीचा संघ एका बाजूला, आयर्लंडचे उमराव दुसऱ्या बाजूला. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून गाजलेला आर्थरही त्यात खेळला होता. म्हणजे सुरुवात साहेबी, यात वाद नाही. पण एकोणिसाव्या शतकात जमीनदारांच्या वाड्यांवरचे नोकर, कुळं, शेतमजूर हळूहळू संघात आले आणि किलकेनी, टिपरेरी, वेस्टमीथ या भागांत गावोगावी क्रिकेट सुरू झालं. आयरिश स्वराज्याच्या चळवळीचे पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल स्वतः हौशी क्रिकेटपटू होते. आज किलकेनीचं नाव निघतं ते हर्लिंगसाठी. ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाशी चपटी काठी घेऊन चेंडू टोलवायचा हा आयरिश खेळ. त्यातली नजर आणि मनगट क्रिकेटच्या फलंदाजाला अनोळखी नाहीत.

हे बदललं कसं? १८८४ साली थर्ल्स गावात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिचे आश्रयदाते आर्चबिशप क्रोक यांनी इंग्रजी खेळांवर सडकून टीका केली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘परक्या खेळां’वरची बंदी पक्की झाली. क्रिकेट, रग्बी, हॉकी किंवा फुटबॉल खेळणाऱ्या सदस्याला संघटनेत जागा नव्हती. नुसतं बघायला जाणंही गुन्हाच. १९३८ साली खुद्द राष्ट्रपती डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याला हजर राहिले, तर संघटनेने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. ही बंदी उठली १९७१ मध्ये.

यावर कुणी म्हणेल, बंदी नसती तरी जमीनदारांचा खेळ जमीनदारीबरोबरच बुडाला असता. यात तथ्य आहे. १८७९ नंतरच्या जमीन-आंदोलनात कुळं आणि मालक यांच्यात वैर पेटलं, आणि मैदान मालकाचं असल्यावर संघ मोडणारच. पण खेळ साहेबाचा म्हणून लोक तो टाकतातच, असं म्हणावं तर आपली मुंबई आडवी येते. इथे पारशांनी, मग हिंदूंनी तो साहेबाला हरवण्यासाठीच उचलला आणि पालवणकर बाळूंसारखा दलित गोलंदाज त्या चुरशीतूनच पुढे आला. फरक इतकाच, की आयर्लंडकडे स्वतःचा काठी-चेंडूचा खेळ होता आणि त्यामागे गावागावांत पोहोचलेली, शिस्तीचा बडगा हाती असलेली संघटना होती. तरीही डब्लिनच्या उत्तरेला फिंगलच्या शेतकरी गावांत क्रिकेट टिकलंच. इंग्लंडला २०१९ चा विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार ऑइन मॉर्गन याच भागातल्या रशचा.

बंदी उठण्याच्या दोन वर्षं आधी, २ जुलै १९६९ ला, टायरोन परगण्यातल्या सायन मिल्स या लिनन गिरणीच्या गावात वेस्ट इंडिजचा संघ उतरला. आदल्याच दिवशी लॉर्ड्सची कसोटी संपलेली. ओलसर खेळपट्टीवर पाहुण्यांची अवस्था नऊ बाद १२ झाली. शेवटच्या जोडीने कसेबसे २५ पर्यंत नेले. आयर्लंडच्या कर्णधार डग्लस गुडविनने ६ धावांत ५ बळी घेतले, ॲलेक ओरिऑर्डनने १८ धावांत ४. पाहुण्यांच्या संघात क्लाइव्ह लॉइड होता, व्यवस्थापक म्हणून आलेले क्लाइड वॉलकॉटही खेळले. (आदल्या रात्री पाहुण्यांना भरपूर बिअर पाजली होती, ही दंतकथा अजून चवीने सांगतात.) पण आयर्लंडच्या या विजयाने दार काही उघडलं नाही. आयसीसीचं सहसदस्यत्व मिळायला १९९३ उजाडलं.

मग दुसरा अडसर आला. कसोटी दर्जा नाही, तर कसोटी खेळायची इच्छा असलेल्या आयरिश मुलाने जायचं कुठे? इंग्लंडला. एड जॉइसने आयर्लंडला २००७ च्या विश्वचषकात पोहोचवायला मदत केली आणि त्या विश्वचषकात तो खेळला इंग्लंडकडून. मॉर्गन गेला, बॉइड रँकिन गेला. म्हणून ‘आयर्लंडचा संघ परदेशी खेळाडूंच्या जिवावर उभा’ हा आक्षेप अर्धाच हिशेब मांडतो. ट्रेंट जॉन्स्टन ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आंद्रे बोथा दक्षिण आफ्रिकेत, हे खरंच. पण जमेच्या बाजूला दोन-चार नावं लिहिताना खर्चाच्या बाजूला देशाचे सर्वांत गुणी फलंदाज लिहायचे राहून जातात. शिवाय सबायना पार्कवर पाकिस्तानविरुद्ध ७२ धावा काढणारा नायल ओब्रायन डब्लिनचाच.

त्याचा भाऊ केव्हिन याने २ मार्च २०११ ला बंगळुरूत काय केलं ते सर्वश्रुत आहे. समोर इंग्लंडच्या ३२७ धावा, आयर्लंड पाच बाद १११, आणि पठ्ठ्याने ५० चेंडूंत शतक ठोकलं. आयर्लंड जिंकलं. त्यानंतर आयसीसीने काय केलं? पुढे २०१९ चा विश्वचषक दहाच संघांचा करून टाकला. २०१५ मध्ये वेस्ट इंडिजच्या तीनशेपार धावांचा पाठलाग यशस्वी करणारा संघ २०१९ मध्ये घरी बसला. बाकीचे खेळ विश्वचषक मोठे करत असताना क्रिकेटने तो लहान केला, याचं समाधानकारक कारण क्रीडेच्या भाषेत सांगता येत नाही. प्रक्षेपणाच्या भाषेत कदाचित येईल.

आयसीसीचं पूर्ण सदस्यत्व आणि त्यासोबत कसोटी दर्जा मिळाला २२ जून २०१७ ला. (मालवणजवळच्या वराड गावाशी वडिलांचं नातं असलेले लिओ वराडकर त्याच्या आठच दिवस आधी आयर्लंडचे पंतप्रधान झाले होते. योगायोगच, पण मराठी माणसाने लक्षात ठेवावा असा.) मे २०१८ मध्ये मलाहाइडला पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी झाली. फॉलोऑननंतर केव्हिन ओब्रायनने ११८ धावा केल्या तरी हार झाली. पुढच्या वर्षी लॉर्ड्सवर टिम मुर्टाने १३ धावांत ५ बळी घेऊन इंग्लंडला ८५ धावांत उखडलं. त्याच सामन्यात आयर्लंड स्वतः ३८ धावांत आटोपलं. टीकाकार हा आकडा पुढे करतात, आणि ३८ धावा लाजिरवाण्याच. पण मग त्यानंतर एप्रिल २०२३ पर्यंत आयर्लंडच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही, हेही सांगायला हवं. मधे कोरोनाची साथ आली खरी, पण बाकीचे देश त्यातूनही कसोट्या खेळले. एवढ्या खंडानंतरही १ मार्च २०२४ ला अबुधाबीत अफगाणिस्तानला सहा गडी राखून हरवत त्यांनी पहिला कसोटी विजय मिळवला, तो आठव्याच कसोटीत. भारताला त्यासाठी पंचवीस कसोट्या लागल्या होत्या, न्यूझीलंडला पंचेचाळीस.

आता अडसर पैशाचा आहे. मलाहाइडला मोठा सामना ठरला की तात्पुरत्या गॅलऱ्या उभारायच्या, सामना संपला की उतरवायच्या. यजमानपद म्हणजे त्यांच्याकडे आधी खर्चाचा आकडा. ज्या अफगाणिस्तानला हरवून कसोटी विजयाचं खातं उघडलं, त्याच संघाला २०२५ च्या उन्हाळ्यात घरी बोलावणं आर्थिक कारणांनी रद्द करावं लागलं.