पावसाआडचे ग्रह

मे महिन्यात मध्यरात्र टळली की पारनेरच्या पठारावरून दक्षिणेला वृश्चिकाची नांगी ठळक दिसते. तिथलं मूळ नक्षत्र आणि पूर्वेकडची धनु रास यांच्या मधल्या पट्ट्यात आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. ताऱ्यांची एवढी दाटी दुसरीकडे नाही, म्हणून न दिसणाऱ्या ग्रहांच्या शोधात असलेले खगोलशास्त्रज्ञ इथेच पहारा देतात.

एखादा तारा दूरच्या दुसऱ्या ताऱ्याच्या जवळजवळ नेमका समोरून सरकला, की पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागच्याचा प्रकाश वाकतो, एकवटतो. मागचा तारा काही आठवडे उजळतो आणि पुन्हा मंदावतो. पुढच्याला ग्रह असेल, तर त्या आलेखावर आणखी एक छोटा उंचवटा येऊ शकतो. गुरूएवढ्या ग्रहाचा तो दिवसभर टिकतो, पृथ्वीएवढ्याचा जेमतेम काही तास. ग्रहाचा स्वतःचा प्रकाश लागतच नाही!

१९३६ साली आइन्स्टाइननं ताऱ्याच्या या भिंगाचं गणित प्रसिद्ध केलं, पण ते प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही, असंही म्हटलं. कोट्यवधी ताऱ्यांची रोज नोंद ठेवणारी यंत्रं तेव्हा कुठे होती? गुरुत्वीय भिंगाच्या अभ्यासात मराठी नावंही आहेत. शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी १९७९ मध्ये काही रेडिओ स्रोतांच्या भागांचा प्रकाशाहून जास्त भासणारा वेग याच परिणामातून समजावून पाहिला होता.

२००५ ची घटना मला फार मोलाची वाटते. ३१ जुलैला एक तारा तिपटीनं उजळून ओसरू लागला. १० ऑगस्टच्या सुमाराला, ऐन उतरणीवर, अर्धा दिवस टिकलेला उंचवटा आला. चिलीतल्या दुर्बिणीनं तो टिपला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या नोंदी त्याला जुळल्या आणि पृथ्वीच्या साधारण साडेपाचपट वस्तुमानाचा ग्रह सापडला, सुमारे २१,५०० प्रकाशवर्षांवर. तो योग पुन्हा येणार नाही. त्या रात्री ज्यांनी पाहिलं, त्यांच्याच नोंदी कायमच्या.

मग आपण कुठे? आज कोरियाच्या १.६ मीटरच्या तीन दुर्बिणी चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातून आळीपाळीनं हेच आकाश पाहतात. पारनेरचा रेखांश शेवटच्या दोघींच्या मधे येतो. पण केंद्र रात्रभर दिसतं ते जून-जुलैत. पाऊस पारनेरला हुलकावणी देतो, ढग मात्र देत नाहीत.

म्हणून हौशी निरीक्षकांनी तादाशी कोजिमा हे नाव लक्षात ठेवावं. २०१७ च्या ऑक्टोबरअखेरीस या जपानी हौशी निरीक्षकाला वृषभ राशीत, म्हणजे केंद्राच्या जवळजवळ उलट्या दिशेला, एक तारा अचानक उजळलेला दिसला. तेही गुरुत्वीय भिंगच निघालं. पुढच्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा ग्रह होता, १,६०० प्रकाशवर्षांवर. मागचा तारा उजळून साधारण अकराव्या प्रतीपर्यंत गेला होता, म्हणजे सहा इंची दुर्बिणीच्या आवाक्यात. त्या दिवसांत पारनेरला आभाळ बहुधा निरभ्र असतं, आणि वृषभ मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येते.