चूल, वारस आणि रक्त

आमच्या वडिलांच्या पिढीतला गृहस्थ ‘कुटुंबाला बरे नाही’ असे म्हणाला, की त्याची बायको आजारी आहे असे समजायचे. घरात आईवडील, दोन भाऊ, भावजया, एक विधवा आत्या आणि अर्धा डझन पोरे असली तरी त्याच्या तोंडचे ‘कुटुंब’ म्हणजे ती एकटी. नाव घ्यायचे नाही, म्हणून हा आडवळणाचा शब्द. पुढे लाल त्रिकोणाच्या पाट्या भिंतींवर आल्या, तेव्हा ‘कुटुंब नियोजन’ म्हणजे नेमके कुणाचे नियोजन, यावर आमच्या महालातल्या वाड्यात बराच विनोद झाला होता म्हणे. विनोद सोडला तर प्रश्न खरा होता. कुटुंब कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

या प्रश्नाचे उत्तर ज्याला त्याला आपापल्या कामापुरते हवे असते. जनगणनेच्या प्रगणकाला चूल दिसली की पुरे. एका स्वयंपाकघरात शिजलेले खाणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. याच मापाने २०११ साली देशातली १२१ कोटी माणसे सुमारे २५ कोटी कुटुंबांत वाटली गेली, म्हणजे सरासरी एका चुलीभोवती पाचांहून थोडी कमीच. एकाच वाड्यात दोन भाऊ, मधे पडदा, दोन शेगड्या : झाली दोन कुटुंबे. दिवाळीला पडदा बाजूला होतो, हे प्रगणकाच्या तक्त्यात बसत नाही.

इरावतीबाई कर्वे यांना एवढ्यावर भागवायचे नव्हते. १९५३ साली निघालेल्या त्यांच्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या, त्या अशा : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलधर्म आणि ठरावीक नात्याने बांधलेली माणसे. बाई मुळात शरीरमापन शिकलेल्या, बर्लिनला जाऊन कवट्या मोजून डॉक्टरेट मिळवलेल्या. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर कवटीइतकेच लक्ष त्यांनी माणसांच्या तोंडच्या नात्यांच्या शब्दांकडे दिले. कोण कुणाला काय म्हणतो, हे त्या देशभर विचारत हिंडल्या. आपल्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. शिवाय जाऊ, नणंद, साडू, विहीण, व्याही. इंग्रजांचा संसार एका ‘अंकल’वर आणि एका ‘आंट’वर चालतो.

यातली एक जोडी मला फार बोलकी वाटते. जुन्या घरांतली सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणे आणि सासूला ‘आत्याबाई’. का बरे? मामाच्या घरी किंवा आत्याच्या घरी लेक देण्याची चाल असेल तर सासरा खरोखरच मामा असतो, सासू खरोखरच आत्या असते. आपल्या विदर्भात अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानत. गोंडांमध्ये या चालीला ‘दूध लौटाना’ म्हणतात, अशी नोंद रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या त्यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात केली आहे. एका घराने लेक दिली, पुढल्या पिढीत त्या घरी लेक परत आली : दूध परत केले. ज्या घरांत असे लग्न निषिद्ध होते, त्या घरांतल्या सुनाही ‘मामंजी’च म्हणत राहिल्या. लुईस हेन्री मॉर्गन नावाच्या अमेरिकन वकिलाने १८७१ साली याच धर्तीचा सिद्धान्त मांडला होता, की नात्यांचे शब्द हे जुन्या विवाहपद्धतींचे अवशेष असतात. नंतरच्या विद्वानांनी त्याला आवर घातला, शब्दावरून इतिहास रचू नये असे बजावले. बजावले ते योग्यच. तरी ‘आत्याबाई’ ऐकले की मॉर्गनसाहेब आठवतातच.

भाषांचे अभ्यासक तर सबंध भाषांनाच कुटुंबात बसवतात. नागपूर हे यासाठी मोक्याचे गाव. इथून दक्षिणेला नि पूर्वेला निघाले की गोंडी बोलणारा भेटतो, ती तमिळ-तेलुगूच्या द्राविडी कुळातली. मेळघाटात कोरकू, ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. बुलढाण्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली, तिला अजून कुणी नातलगच सापडलेला नाही. आणि मधे आपली मराठी, संस्कृताची पणती म्हणवणारी, पण ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ हे घरातले शब्द दक्षिणेकडून घेऊन बसलेली. ज्यांच्या नावाने इथले हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून आले आणि गोंडांची भाषा, गाणी, कथा टिपत राहिले. १८६३ मध्ये ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. भाषांच्या वंशवृक्षात आई असते, बहिणी असतात, पण शेजारीण नसते. प्रत्यक्षात भाषा शेजारणीकडूनच जास्त उसने घेते.

आपल्या संत्र्याचेही तेच. संत्रे, बेल, कवठ आणि फोडणीतला कढीपत्ता हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले. काटोल-वरुडकडचा बागवान मात्र जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे, आणि झाड एक. आता या झाडाची वंशावळ कशी काढणार? असो. संत्र्यावर सुरू झाले की नागपूरकर थांबत नाही.

वंशावळ हा शब्द मात्र माझ्या ओळखीचा. छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीच मृत खातेदारांच्या दाव्यांवर. बँकेच्या जगात कुटुंब दोन वेळा दिसते. एकदा ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ या नावाच्या खात्यात, जिथे सही करणाऱ्याला ‘कर्ता’ म्हणतात, आणि मग मरणानंतर. १९८३ च्या कायद्याने ठेवींना नामनिर्देशनाची सोय आली. ज्याचे नाव लिहिले तोच मालक, असा बहुतेकांचा समज. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगून टाकले होते, की नामनिर्देशित माणूस पैसे घेण्यापुरता, मालकी वारसांची. बँकेच्या ठेवींनाही हेच तत्त्व. एका गिरणी कामगाराने स्वतः वाढवलेल्या मेव्हणीच्या पोराचे नाव लिहिले होते. पोराने त्याची शेवटची सहा वर्षे काढली. पैसे त्याच्या हाती दिले, आणि महिन्याभरात पुतण्यांची नोटीस त्याला. कायद्याने पुतणे बरोबर होते.

मोठ्या रकमेच्या दाव्यासोबत वंशावळ जोडलेली असे. एका तालुक्याच्या शाखेत असताना असाच एक कागद आला : मयत, त्याची विधवा, खाली तीन मुलगे. मी सवयीने विचारले, ‘मुली?’ म्हातारी म्हणाली, ‘दोघी हायेत ना जी, पण त्या देल्या.’ दिल्या! खोटे बोलण्याचा हेतू तिच्या मनातही नव्हता. दिलेली वस्तू कुणी यादीत लिहिते का? हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून त्या दोघी वडिलांच्या स्वकष्टार्जित पैशात भावांच्या बरोबरीच्या वारस होत्या. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, तेही तोवर लग्न न झालेल्यांनाच. देशभर तो हक्क २००५ मध्ये आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे ठासून सांगितले. दाव्याच्या कागदांत मुली नंतर येऊ लागल्या, पण बऱ्याचदा हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरत्या.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या एका वंशावळीची ओळख झाली. परिचितांच्या घरची एक मुलगी सिकलसेलची रुग्ण. तिच्यासोबत एकदा इस्पितळात बसलो होतो. समुपदेशक बाईंनी कोरा कागद घेतला आणि चौकोन-वर्तुळे काढायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहकाला अर्धे काळे, रुग्णाला पूर्ण काळे. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, जो बँकेत मी कधी विचारला नव्हता : ‘गेलेली मुले किती?’ मुलीची आई जरा थांबली. ‘एक होता. दोन वर्षांचा होऊन गेला. तापानं.’ कागदावर एक चौकोन आला, त्याच्यावर तिरकी रेघ. मग आजीची गेलेली मुले, आत्याची पडलेली बाळंतपणे. जी पोरे कुठल्याही शिधापत्रिकेवर नव्हती, ज्या आत्या कधीच्याच ‘दिल्या’ होत्या, त्या साऱ्यांना या कागदावर जागा होती.

या आजाराचे शास्त्र थोडक्यात असे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमायनो आम्ल बदलते. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी हे दाखवले. एवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, आणि हाडे फोडून निघाल्यासारख्या वेदना होतात. एकाच पालकाकडून हा दोष आला तर माणूस वाहक, बहुधा त्याला पत्ताही नसतो. उलट मलेरियापासून त्याला थोडे संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडले. म्हणून तर जंगल आणि हिवताप असलेल्या मुलखात तो टिकला. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. ‘चार मुलांत एक’ असा याचा अर्थ लोक लावतात. पहिले रुग्ण निघाले की पुढली तीन सुटली, असे समजतात. तसे नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो, मागचा हिशेब त्याला ठाऊक नसतो.

भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष सापडला. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या नोंदी छापल्या. विदर्भात पुढे तो गोंड-परधानांत दिसला, पण तेवढ्यांतच नाही. पूर्वाश्रमीच्या महार समाजात, कुणबी-तेल्यांतही दिसला. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या निर्मूलन मोहिमेने आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. सुरुवात तिथून करणे ठीक. पण ‘हा आदिवासींचा आजार’ अशी पाटी एकदा लागली, की उत्तर नागपुरातल्या गल्लीतला बाप आपल्या पोराच्या सांधेदुखीला वर्षानुवर्षे वातच समजत राहतो.

इथे जात मधे येतेच. १९१६ सालीच, रसेल-हिरालालांचे खंड निघाले त्याच वर्षी, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला होता. जातीचे मर्म आंतरविवाहात आहे. गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर जातीतच लग्नाची सक्ती चढवली, तेव्हा जात जन्मली, आणि ती सक्ती टिकवायला सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह लागले, असा त्यांचा युक्तिवाद होता. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी जनुकांवरून निष्कर्ष काढला, की भारतातले लोकसमूह सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत भरपूर मिसळत होते आणि मग ती सरमिसळ थांबली. म्हणजे प्रत्येक जात हे दीड-दोन हजार वर्षे दार लावून बसलेले एक मोठे कुटुंबच. दार लावले की घरातले दोष घरातच फिरतात. रक्तशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे एकदा रक्ताच्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

लग्नाच्या बाजारात मात्र या ज्ञानाचे काय होते? पत्रिका उघडपणे मागतात, रक्ताचा अहवाल लपवतात. मुलगा वाहक निघाला तर ‘त्याला काही होत नाही’ हे वैद्यकीय सत्य लगेच आठवते. मुलगी वाहक निघाली तर ‘दोष’ होतो, तिच्या धाकट्या बहिणींचीही स्थळे थांबतात. वाहक हा रुग्ण नव्हे, आणि दोन वाहकांनी आधी कळवून घेतले तर गर्भावस्थेत तपासणीचा मार्ग आहे, हे समजावणाऱ्या समुपदेशकाला वीस मिनिटेही मिळत नाहीत. माझ्या परिचितांनी थोरल्या मुलीची तपासणीच केली नाही. ‘कळलं तर लपवावं लागेल, नाही कळलं तर खोटं बोलणं होत नाही,’ असे तिचे वडील मला म्हणाले. हिशेबाचा माणूस असूनही मला त्यावर पटकन उत्तर सुचले नाही.

डॉक्टरांच्या वंशावळीत मेलेले आले, दिलेल्या आल्या, पण तिच्यातूनही माणसे गळतातच. दत्तक मुलगा तिथे निराळ्या खुणेने येतो, सावत्र आई जवळजवळ येतच नाही. त्या मुलीला दर महिन्याला बसने इस्पितळात आणणारी, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांचा डबा सांभाळणारी, दुखणे चढले की रात्रभर तिचे पाय चेपणारी एक बाई होती. मुलगी तिला मावशी म्हणायची. मीही आईची बहीण समजलो होतो. ती शेजारीण होती, जातही वेगळी. एका रात्री रक्त चढवायचे होते, आई शेतावरच्या मजुरीला गेलेली, वडील परगावी. परिचारिकेने संमतिपत्र पुढे केले. ‘रुग्णाशी नाते’ अशा रकान्याशी बाई अडखळल्या. परिचारिका म्हणाली, ‘लिवा ना मावशी म्हणून, उशीर होऊन रायला.’ बाईंनी मावशी असे लिहिले आणि खाली सही केली.